लॅपटॉप गेला पुण्याला, आता कथा कुठे लिहू?

पत्र: नमस्कार दादा, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, राहायला जुळे सोलापूरला, शाळा मंद्रूपच्या पुढे, रोज एसटीने जाणं-येणं. माझे आजोबा जुन्या गिरणीत कामाला होते, आजी पूर्व भागात विड्या वळायची, तिचं मराठी अर्धं तेलुगू मिसळलेलं. त्या दोघांवर मी कथा लिहितेय. आधी घरच्या लॅपटॉपवर लिहायचे, तो मुलगा इंजिनिअरिंगला गेला तेव्हा पुण्याला घेऊन गेला. आता थोडं वहीत, थोडं फोनच्या नोट्समध्ये, थोडं व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवलेलं, थोडं पेनड्राइव्हवर असं पडलंय. पेनड्राइव्हवर एकाच कथेच्या 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल खरी' अशा फाइली आहेत आणि खरी कुठली ते मलाच कळत नाही. एका दिवाळी अंकासाठी डीटीपीवाल्याकडून टाइप करून कथा ईमेल केली तर संपादकांचं उत्तर आलं की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतायत. नवीन लॅपटॉप घ्यावा का? घरात म्हणतात फोनवर काय कथा लिहून होतात होय. मुलाला सारखं विचारायचं जिवावर येतं, तो वैतागतो.
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

---

ताई, लॅपटॉप घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. तुमचा प्रॉब्लेम मशीनचा नाहीच ओ, तुमची एक कथा चार ठिकाणी राहतेय हा प्रॉब्लेम आहे, आणि नवीन लॅपटॉप आणलात की ती पाचव्या ठिकाणी राहायला जाईल एवढंच होणार. कथा एकाच जागी ठेवायची आणि त्या जागेला फोनवरून, शाळेतल्या कॉम्प्युटरवरून, नव्या पेठेतल्या सायबर कॅफेतून, कुठूनही हात पोचला पाहिजे. ही सोय तुमच्याकडे आधीपासून आहे, कारण तुम्ही मला जीमेलवरून पत्र पाठवलंय, म्हणजे त्याच अकाउंटवर गूगल डॉक्स (लिहायची जागा) आणि ड्राइव्ह (इंटरनेटवरचं फाइलींचं कपाट) फुकटात आलेलंच आहे, फक्त उघडलेलं नाही.

फोनवर डॉक्सचं अॅप टाका. नवीन डॉक्युमेंट उघडा, नाव द्या साधं, 'विडी कथा' किंवा जे असेल ते, आणि नावात फायनल हा शब्द आयुष्यात परत घालायचा नाही. तिथे सेव्हचं बटण शोधू नका, नाहीये, टाइप कराल तसं ते आपोआप जाऊन बसतं. शाळेत मधल्या सुट्टीत कॉम्प्युटरवर त्याच अकाउंटने उघडलंत की सकाळी बसमध्ये लिहिलेलं वाक्य तिथे हजर. आणि तुमच्या तीन फायनलचं औषधही त्यातच आहे: कॉम्प्युटरवर फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी म्हणून असतं, त्यात कुठल्या दिवशी कथा कशी होती ते सगळं मागे जाऊन बघता येतं, वाटलं तर जुनं परत आणता येतं. संपादकाला पाठवलंत त्या दिवशी तिथेच त्या व्हर्जनला नाव देऊन ठेवायचं, 'अंकाला पाठवली' असं. म्हणजे फाइल एकच, पण तिचा सगळा इतिहास पोटात. पुढे कधी वाटलं की मागच्या महिन्यात काढून टाकलेला गिरणीच्या भोंग्याचा परिच्छेद चांगला होता, तर तो मेलेला नसतो.

आता एसटी. मंद्रूपच्या पुढे नेटवर्क कसं येतं-जातं हे तुम्हीच जास्त जाणता, त्यामुळे हे आधी करा: डॉक्सच्या अॅपमध्ये त्या फाइलच्या बाजूला तीन ठिपके असतात, ते दाबून फाइल ऑफलाइन उपलब्ध ठेवा. मग रेंज गेली तरी लिहीत राहा, रेंज आली की ते वर चढतं. एकच पथ्य, शाळेत पोचल्यावर कॉम्प्युटर उघडायच्या आधी फोनवर अॅप एकदा रेंजमध्ये उघडून घ्या, नाहीतर कॉम्प्युटरवर कालचीच कथा दिसेल, तुम्हाला वाटेल गेलं सगळं आणि तुम्ही पहिल्यापासून लिहायला बसाल. आणि उन्हाळ्यात खिडकीच्या उन्हात फोन धरून लिहू नका, आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीसला पारा गेला की फोन स्वतःच तापून बंद पडतो.

मग ईमेल कशाला, असं म्हणाल. ईमेलचं काम वेगळं आणि ते डॉक्सला जमत नाही. एक तर सुचलेलं टिपायला. शिपाई घंटा द्यायला निघालाय आणि आजीचं एक वाक्य आठवलं, तर डॉक्स उघडून फाइल शोधण्यापेक्षा नवीन मेल, स्वतःचाच पत्ता, विषयात 'विडी' आणि खाली ते वाक्य, पाठवलं, झालं. विषयात दर वेळी तोच एक शब्द ठेवलात की महिन्याने तो शब्द सर्चमध्ये टाकला की सगळी टिपणं तारखेसकट रांगेने समोर. व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवलेलं असं रांगेत मिळत नाही, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं. स्वतःलाच मेल काय पाठवायचा असं वाटत असेल तर ऐका, १९७१ साली रे टॉमलिन्सन या इंजिनिअरने एका कॉम्प्युटरवरून शेजारच्या दुसऱ्यावर पहिला नेटवर्क ईमेल पाठवला तो स्वतःलाच चाचणी म्हणून पाठवलेला होता, तेव्हा तुम्ही मूळ परंपरेतच आहात.

पण पूर्ण कथा मेलच्या ड्राफ्टमध्ये लिहू नका, खूप जण लिहितात. ड्राफ्ट चार ओळींना ठीक. तोच ड्राफ्ट शाळेत उघडा राहिला आणि तुम्ही घरी येऊन फोनवर उघडलात की कुठला टिकेल सांगता येत नाही, मागचं व्हर्जन नाही, आणि चुकून डिस्कार्ड दाबलं तर रडायची पाळी.

ईमेलचं दुसरं काम म्हणजे राखण. महिन्यातून एकदा डॉक्समधून फाइल वर्डमध्ये डाउनलोड करून स्वतःला मेल करायची. वर ती मुलाला किंवा बहिणीला पण पाठवा, कारण अकाउंटच हातातून गेलं तर त्यातलं सगळं गेलं. गूगलचा नियमही असा आहे की दोन वर्षं अकाउंट वापरलंच नाही तर ते बंद करून आतलं पुसू शकतात. तुम्ही रोज वापरता म्हणून काळजी नाही, पण जुन्या एखाद्या अकाउंटमध्ये काही लिहिलेलं असेल तर तिथे एकदा डोकावून या.

आणि जागा बघा. गूगल फुकट देतं १५ जीबी, ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजतात. भरली की नवीन मेल येणंच बंद होतं. म्हणजे संपादक उत्तर पाठवतायत, तिकडे त्यांना परत येतंय आणि तुम्ही इकडे म्हणताय बघा एक शब्द कळवला नाही. तुमच्या कथांनी ती भरणार नाही हो. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, दोन हजार शब्दांची कथा नुसता मजकूर म्हणून चाळीस केबीच्या आसपास बसते, आणि फोनचा एक साधा फोटो तीन-चार एमबीचा, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतल्या एका पाळण्याच्या फोटोच्या जागेत तुमच्या ऐंशी-शंभर कथा मावतील. फोटो आणि व्हिडिओ उडवा, कथांना हात लावू नका.

आता त्या चित्रविचित्र अक्षरांकडे येतो, कारण यात तुमची काही चूक नाही आणि बहुतेक डीटीपीवाल्याचीही नाही. आपल्याकडे छपाईची कामं वर्षानुवर्षं श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये होत आली. त्यात आतमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट वरून त्यांना मराठी रूप देतो. समोरच्याकडे तोच फाँट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं, तेच तुमच्या संपादकांना दिसलं. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला स्वतःचा नंबर आहे, त्यामुळे ते कुठेही उघडा, मराठीच दिसतं. फोनवर टाइप केलेलं सगळं युनिकोडच असतं, म्हणजे घरचे ज्याला हसतायत तो फोन या बाबतीत दुकानातल्या कॉम्प्युटरपेक्षा बरा निघाला बघा.

उपाय असा. डीटीपीवाल्याकडची फाइल मागून घ्या आणि त्यालाच युनिकोडमध्ये बदलून द्यायला सांगा, त्यांच्याकडे कन्व्हर्टर असतो. पण बदलून आलेलं डोळे झाकून पाठवू नका. कन्व्हर्टरमध्ये रफार सरकतात, जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी एक अक्षर पुढे-मागे होते आणि 'ऱ्या' तर हमखास बिघडतो, 'सुऱ्या', 'दुसऱ्या', 'गिरणीतल्या बाऱ्या' असले शब्द शोधून शोधून बघा. पीडीएफमधून कॉपी करून डॉक्समध्ये चिकटवायचा शॉर्टकट करू नका, मराठीचा त्यात चुरा होतो. आणि पुढच्या वेळी कथा पाठवायच्या आधी संपादकांना एका ओळीचा मेल टाकून विचारा, युनिकोड वर्ड फाइल चालेल का. बहुतेकांना चालते. काही अंक अजून श्रीलिपीतच जुळणी करतात, पण तिकडे बदलून घ्यायचं काम त्यांचं.

कॉम्प्युटरवर मराठी टाइप कसं करायचं हा प्रश्न राहिला. विंडोज नवीन असेल तर त्यात मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच असतो, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरू करायचा, mi च्या जागी मी येतो तसला. शाळेच्या कॉम्प्युटरवर सेटिंग बदलायला हेडमास्तर नको म्हणाले तर जीमेलच्या सेटिंगमध्ये इनपुट टूल्स म्हणून आहे, ते सुरू केलं की काहीही न टाकता मेलमध्ये मराठी लिहिता येतं, मग तिथून उचलून डॉक्समध्ये.

वहीतल्या मजकुराचं काय, तर फोटो काढून अक्षरं ओळखणारी टूल्स आहेत, ड्राइव्हमध्ये फोटो टाकून डॉक्सने उघडला की छापील मराठी बऱ्यापैकी उतरतं, पण हाताने लिहिलेल्याचा भरवसा नाही, आणि शिक्षिकेचं अक्षर कितीही वळणदार असलं तरी तुम्ही एसटीत लिहिलंय. सोपं म्हणजे वही समोर धरायची आणि वाचून दाखवायची. फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह आहे, भाषा मराठी ठेवा आणि बोला. पूर्णविराम, अवतरणचिन्हं बहुतेक तुम्हालाच नंतर घालावी लागतील, नावं चुकतील, पण वाचता वाचता तुम्ही चार वाक्यं आपोआप सुधाराल, ते वेगळंच काम होऊन जातं. घरात टीव्ही चालू असताना मात्र नको, मालिकेतली सासू पण कथेत येते.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या आजीची भाषा. पूर्व भागातलं ते मराठी, 'काय करूलालीस गं' (म्हणजे काय करतेयस), 'अव्वा येऊलाली', ही तुमच्या कथेची अर्धी ताकद आहे आणि फोनचा कीबोर्ड ती गुपचूप पुसतो. 'अव्वा' लिहिलं की 'अव्वल' करतो, 'करूलालीस' लिहिलं की 'करू लागलीस' सुचवतो आणि घाईत स्पेस दाबली की झालं, आजी पुण्याची होऊन बसली. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो करेक्शन बंद करा, आणि डिक्शनरीत पर्सनल डिक्शनरी म्हणून आहे, तिथे आजीचे शब्द एकेक करून घाला. एका रविवारी बसून पंचवीस-तीस शब्द घातलेत तरी पुढचा ताप वाचेल. तेलुगू वाक्य जसंच्या तसं द्यायचं असेल तर कीबोर्डमध्ये तेलुगू भाषा पण जोडता येते, पण तुमचा वाचक तेलुगू लिपी वाचणार नाही, तेव्हा देवनागरीतच लिहा आणि कीबोर्डला मध्ये बोलू देऊ नका. तीच गोष्ट 'मजकूर सुधारा' म्हणणाऱ्या एआयवाल्या बटणांची. अर्ज, रजेची चिठ्ठी, पालकसभेची नोटीस त्याला खुशाल द्या. विड्या वळणाऱ्या बाईचं बोलणं देऊ नका, ते सरळ करून ठेवतं आणि वाचायला इतकं छान लागतं की तुम्हालाच वाटेल हेच बरोबर.

तपासायला एक चांगली युक्ती सांगतो: कथा कानाने ऐका. अँड्रॉइड फोनमध्ये अॅक्सेसिबिलिटीत 'सिलेक्ट टू स्पीक' असतं, मजकूर निवडला की तो मराठीत मोठ्याने वाचतो. आवाज कोरडाच आहे, पण त्या कोरडेपणाचाच फायदा, कारण तुम्ही स्वतः वाचताना मनाने शब्द भरून काढता आणि ते मशीन जे लिहिलंय तेच वाचतं. गळलेलं 'ला', दोनदा आलेलं 'मग', तीन ओळी लांबलेलं वाक्य, सगळं कानाला खटकतं. हेडफोन लावून परतीच्या एसटीत ऐका, खटकलं की तिथे थांबून दुरुस्त करा.

संपादकांशी व्यवहार करताना एकच मेल धरून ठेवा. नवीन दुरुस्ती नवीन मेलने पाठवली की त्यांच्याकडे तुमच्या तीन कथा होतात आणि ते जुनी छापतात. त्याच मेलला उत्तर देत जा. त्यांनी वर्डमध्ये बदल दाखवून फाइल पाठवली तर ती डॉक्समध्ये उघडा, बदल सूचना म्हणून दिसतात, एकेक बरोबर किंवा फुली दाबायची, पटत नसेल ती फुलीच दाबायची, लाजायचं नाही. मैत्रिणीला वाचायला द्यायची असेल तर लिंक देताना कमेंटरचा हक्क द्या, म्हणजे तिला नुसता शेरा मारता येईल, मजकूर बदलता येणार नाही; एडिटरचा नको. आणि रात्री अकराला कथा संपली म्हणून लगेच पाठवू नका, जीमेलमध्ये वेळ लावून पाठवायची सोय आहे, सकाळी दहाची लावा, म्हणजे उठल्यावर शेवटचा परिच्छेद बदलावासा वाटला तर अजून हातात आहे. शिवाय कॉम्प्युटरवरच्या सेटिंगमध्ये अन्डू सेंडची मुदत ३० सेकंद करून ठेवा, अटॅचमेंट विसरलेली त्याच तीस सेकंदांत आठवते.

कॅफेत बसणार असाल तर इनकॉग्निटो विंडोतच (बंद केली की ब्राउझर तुमचं लॉगिन विसरतो ती) लॉगिन करा, ब्राउझरने पासवर्ड ठेवू का विचारलं तर नाही म्हणा, डाउनलोड केलेली फाइल पुसा. लॉगआउट करायचं राहिलं आणि बसमध्ये आठवलं तर घाबरू नका, फोनवरच गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीत तुम्ही कुठे कुठे लॉगिन आहात ती यादी असते, तिथूनच तो कॉम्प्युटर बाहेर काढता येतो. टू स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर आणखी एकदा खात्री करतात, त्याचे फोन हाताशी नसेल तेव्हासाठी दहा बॅकअप कोड मिळतात, ते वहीच्या मागच्या पानावर नको, घरी कपाटात ठेवा. आणि रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरलात तर अकाउंट परत मिळवायचा नंबर, कुणाचा आहे तो बघा. बऱ्याच घरांत तो मुलाच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा निघतो.

मुलगा वैतागतो ते वैतागू दे, पण त्याच्याकडून एक काम करून घ्यायचंच आहे. तुम्ही आधीच्या कथा त्या लॅपटॉपवर लिहिल्या होत्या ना? म्हणजे त्या अजून पुण्यात हॉस्टेलवर आहेत. इंजिनिअरिंगची पोरं कधी लॅपटॉप फॉरमॅट मारतील नेम नाही. आज रात्रीच फोन करा आणि तुमचं अख्खं फोल्डर तुमच्या ड्राइव्हमध्ये चढवायला सांगा, 'सुट्टीत आलो की करतो' चालणार नाही. चढवलं म्हणाला तरी तुम्ही स्वतः फोनवर एकेक फाइल उघडून बघा, आणि मराठीच्या जागी इंग्रजी खिचडी दिसली तर त्याला सांगा काही पुसू नकोस, फाइली कुठल्या फाँटमध्ये आहेत तेवढं बघून ठेव.